दार काढायचं राहिलेली खोली

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगते, आजवर एकावरही विश्वास ठेवला नाही. कुणाच्या अंगात आलं की चहा ठेवायला उठणारी बाई मी. तरी लिहितेय... कारण दीड वर्ष झालं, डोक्यातून जात नाही.

मी काळाचौकीला चाळीत राहते, दुसऱ्या मजल्यावर. दर रविवारी दुपारी आम्ही तिघं ऑनलाइन गेम खेळतो — मी, गिरगावातली प्राची आणि माहीमचा नितीन. गोष्ट मी रचते, ते दोघं त्यातली पात्रं होतात. स्क्रीनवर नकाशा असतो आणि प्रत्येकाचं एक गोल टोकन. भिंती कुठे, उजेड किती, कुणाला काय दिसणार, हे सगळं मी आधी सेट करते. भिंतीची रेघ मारली की पलीकडचं दिसत नाही, टोकनही पलीकडे जात नाही.

त्या आठवड्यात वेळच नव्हता, म्हणून सरळ आमच्या मजल्याचाच नकाशा काढला. लांब गॅलरी, एका बाजूला खोल्या. शेवटच्या खोलीला दार काढायचं राहून गेलं.

चारच्या सुमारास प्राची म्हणाली, "अगं, मला कुठे टाकलंस? मी बंद खोलीत आहे."

माझ्या स्क्रीनवर तिचं टोकन जिन्यापाशी होतं. तसं मी सांगितलं.

"नाही गं. माझ्या पात्राच्या हातातल्या मशालीपुरता उजेड आहे, बाकी काळं. जिकडे जाते तिकडे भिंत."

"रिफ्रेश मार," नितीन म्हणाला.

तिनं मारलं. लॉगआउट करून परत आली. तिथंच. मी एकेक करून सगळ्या भिंती उडवल्या, अख्खा नकाशा उजळून टाकला. नितीनला लख्ख दिसायला लागलं, तिला नाही. तिचा आवाज बारीक झाला.

"दम कोंडतोय माझा. घरातली खिडकी उघडी आहे, तरी. बाहेर काढ मला."

"मग लॅपटॉप बंद कर ना," नितीन म्हणाला.

"नको... इथे कुणीतरी पडलंय. मोरीपाशी."

मी मोरी काढलीच नव्हती. तिला स्क्रीन शेअर करायला लावली. उजेडाचं एक वर्तुळ, त्यात डाव्या हाताला मोरी, आणि कठड्यावरून लोंबणारा हिरवा पदर. आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या मोऱ्या उजवीकडे. डावीकडे फक्त शेवटच्या खोलीत — सावंत काकींकडे.

हेडफोन टाकून धावले. काकी एकट्या राहतात. दार आतून बंद. दुपारच्या झोपतात म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. हाकांना उत्तर नाही. शेजारच्या परबकाकांनी आणि त्यांच्या जावयाने खांदे लावून कडी तोडली.

खिडकी बंद, आत मिट्ट काळोख. काकी मोरीत पडलेल्या, सकाळी अकरापासून. खुबा मोडला होता. ओरडून घसा बसला होता, पण खाली साखरपुड्याचा डीजे... कुणाला ऐकू जाणार?

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्या माझ्यामागे बघत होत्या.

"तां मशालीचां चेडू खंय गेलां गो?"

"कोण मुलगी, काकी?"

"माझ्याकडे बसलेलां. भिंती चाचपत होतां बिचारां... त्याका पण दार गावना."

गेमबद्दल त्यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

कडी तुटली त्याच सुमारास प्राचीच्या स्क्रीनवर गॅलरी परत आली, असं नितीन सांगतो. त्यानं नंतर सगळ्या फाइल्स तपासल्या. मोरी कुठेच नाही, टोकन जिन्यापासून हललेलं नाही.

काकींचं बोलणं प्राचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी तुम्हाला सांगितलं नाही."

काकी आता काठी घेऊन चालतात. ज्या मैत्रिणीमुळे मी धावत आले, तिला एकदा जेवायला बोलाव म्हणतात. प्राची येत नाही... आणि मी आग्रह करत नाही. मशालीची मुलगी ती हीच, असं काकींनी ओळखलं तर पुढे काय, हे मला माहीत नाही.