दादा बडोद्याला गेला होता

वहिनींचा फोन आला तेव्हा मी देवासला, आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सहावीच्या वह्या तपासत होते. वहिनी फोनवर कधी हळू बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र इतक्या हळू बोलल्या की मला पुन्हा विचारावं लागलं. "सुमन, हे उठत नाहीयेत गं…" एवढंच. मग फोन कुणा शेजाऱ्यानं घेतला आणि हिंदीत बाकीचं सांगितलं. इंदूरला बस बदलून धारला जाईपर्यंत माझी मुलगी ऋचा खिडकीला डोकं टेकून बसली होती. धार जवळ आल्यावर ती एकदम म्हणाली, "आई, बडोद्याच्या कॉलेजच्या लिस्टमध्ये माझं नाव आलंय. काल आलं. रविवारी मामाला समोर जाऊन सांगणार होते, म्हणून तुला पण नाही सांगितलं…" मी तिचा हात धरला. आज दादाला जाऊन दोन महिने होत आले.

दादा माझा थोरला भाऊ. वीज खात्यात ज्युनियर इंजिनियर म्हणून लागला आणि सरदारपूर, कन्नौद, पुन्हा सरदारपूर अशा बदल्या करत निवृत्त होऊन धारला आमच्या घरी परतला. आमच्या घराण्यात कुणी एके काळी दरबारात कारकुनी केली म्हणतात. दादाला त्याचं काडीचंही कौतुक नव्हतं. गावोगावचे लोक त्याला 'बिजलीवाले भिया', म्हणजे विजेवाले भाऊ, म्हणत, ते मात्र त्याला आवडे. ऐकीव गोष्टीवर त्याचा विश्वास नसे. लाइन कुठे तुटली आहे हे कुणी कितीही खात्रीनं सांगितलं तरी तो स्वतः जाऊन बघे. "बघून येतो" हे त्याचं उत्तर असे… तक्रारीला, स्थळाला, आजाऱ्याला, सगळ्याला.

गेल्या हिवाळ्यात आम्ही धारला गेलो होतो. वहिनींनी दाल-बाफले केले होते. दादाचा मुलगा हैदराबादला इंजिनियर आहे, तेव्हा बारावीतल्या भाचीला काय विचारायचं हे ठरलेलंच होतं. "बोल बेटा, कौनसी ब्रांच?"

"मामा, मला हिस्ट्री पढायची आहे. बी.ए. करणार."

दादा हसला. "बी.ए. तर पोरी लग्न ठरेपर्यंत करतात."

"ते तुझ्या जमान्यात, मामा."

त्याचं हसू गेलं. मला त्याच्या मनातलं समजत होतं. ऋचाच्या वडिलांचा कारखाना बंद पडल्यापासून आमचं घर माझ्या पगारावर चालत होतं आणि एवढी हुशार मुलगी घराला हात देईल, असं त्यानं धरून ठेवलं असणार. पण ऋचा लहानपणापासून तशीच आहे. धारच्या किल्ल्यात फिरताना ती कधी राजांबद्दल विचारायची नाही. इतक्या उंचावर पाणी कोण भरायचं, असं विचारायची. हात धुवायला उठताना दादा म्हणाला, "ठीक आहे. मग कॉलेज तरी नीट बघू या."

पहिल्यांदा तो तिला जवळच्याच एका सरकारी कॉलेजात घेऊन गेला. नाव कशाला घ्या. फी अगदी परवडणारी, मुलींना तर आणखी सवलत. मीही सोबत होते. इतिहासाचा वर्ग उघडला तर बाकांवर धूळ आणि फळ्यावर कुठल्या तरी निवडणुकीच्या ड्यूटीची नावं. ऑफिसातला माणूस चांगुलपणानं म्हणाला, "एडमिशन ले लो बिटिया, रोज आने की ज़रूरत नहीं. परीक्षा के टाइम आ जाना." घरी आल्यावर दादा चहा घेता घेता म्हणाला, "सुमे, स्वस्त आहे म्हणून मी कधी वायर घेतली नाही. पोरीला असं कसं टाकू?" तोवर मी समजत होते की त्याचा राग तिच्या विषयावर आहे. त्या दिवशी कळलं की विषय त्यानं केव्हाच सोडून दिला होता. आता त्याला शिकवणारा माणूस हवा होता.

मग इंदूरच्या बाहेरचं एक खासगी विद्यापीठ. तिथे सगळं होतं, काचेचं वाचनालय, हसून बोलणाऱ्या मॅडम, इतिहासाचे खरोखरीचे प्राध्यापक. फी ऐकल्यावर ऋचाच उठली. "मामा, चल." पण दादा आठ दिवसांनी देवासला आला तो धारचा प्लॉट विकायचं ठरवूनच. मी नाही म्हटलं. तो प्लॉट त्याच्या आणि वहिनींच्या म्हातारपणासाठी होता. "माझ्या भाचीसाठी मी काही करायचं नाही का?" तो ओरडला. "कर ना, पण वहिनींच्या डोक्यावरचं छप्पर काढून नको," मीही ओरडले. तो न जेवता गेला. महिनाभर त्यानं फोन केला नाही. मीही केला नाही, कारण माझं चुकलं असं मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. फक्त तो महिना आता फार मोठा वाटतो.

शेवटी फोन आला तो बडोद्याहून. बडोदा म्हणजे वहिनींचं माहेर. तिथे दादानं वीस-बावीस वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. वहिनींच्या भाच्याच्या लग्नात मांडवातले दिवे गेले आणि वहिनींचे भाऊ, बाळासाहेब, भरल्या पंगतीत म्हणाले, "काळजी नको, आमचे जावई वायरमनच आहेत." लोक हसले. दादानं कोट काढून दिवे लावून दिले, हात धुतले, आणि पानावर न बसता बस पकडली. त्यानंतर वहिनी माहेरी एकट्या जात. आणि आता हा माणूस धारहून झाबुआ, दाहोद करत, दिवसभर बसचे धक्के खात त्याच गावी जाऊन पोचला होता.

"सुमे, वर्गात मुलं होती गं," तो फोनवर म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "आणि मास्तरपण होता. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. त्यानं विचारलं आपण कोण, म्हटलं पालक. म्हणाला, बसा. तासभर मिठावर बोलला. मीठ कुठून यायचं, बैलांवर कोण आणायचं, कर कोण घ्यायचं… मला वाटायचं इतिहास म्हणजे राजे. आपली ऋचा विचारते तसलंच सगळं, भिया!" मला, बहिणीला, तो 'भिया' म्हणाला, इतका तो रंगात आला होता. जुनं कॉलेज, फी आपल्याला झेपेल अशी. फक्त बाहेरच्या मुलींना होस्टेलची जागा मिळेल याची खात्री नाही, एवढं तो जरा थांबून म्हणाला. "राहायचं बघू. ते माझ्यावर सोड." रात्री कुठे उतरला होतास, असं मी नंतर विचारलं तर म्हणाला, "धर्मशाळेत. मस्त झोप लागली."

उन्हाळ्यात ऋचानं केंद्रीय विद्यापीठांची परीक्षाही दिली. मार्क थोडे कमी पडले आणि दिल्ली, बनारस ही नावं गळून पडली. उरलं बडोदा. दादा रोज सकाळी तिला फोन करून लिस्ट लागली का विचारायचा. ती लागली त्या दिवशी नेमकी ती त्याच्याशी खोटं बोलली, "अजून नाही, मामा." समोरासमोर सांगायचं होतं ना… तेच तिला आता खातं.

दिवसकार्य चालू असताना होस्टेल नाही असं कळलं. ऋचा म्हणाली, "जाऊ दे आई, देवासला घरी बसून बी.ए. प्रायव्हेट करते." मी तिला समजावण्याच्या अवस्थेत नव्हते. तेराव्याला बाळासाहेब आले. बरेच थकलेले दिसले. जेवणं झाल्यावर त्यांनी मला आणि वहिनींना आतल्या खोलीत बोलावलं आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "जावईबापू आले होते माझ्याकडे. फेब्रुवारीत. दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. म्हणाले, माझ्या भाचीला वरची खोली भाड्यानं द्याल का? मी म्हटलं, विचार करून कळवतो. कळवलं नाही मी. वाटलं, पुन्हा येतील, पुन्हा विचारतील. तेव्हा हो म्हणू…"

वहिनी आपल्या भावाला म्हणाल्या, "हे पुन्हा विचारणाऱ्यातले नव्हते. तुला माहीत होतं." एवढं बोलून त्या उठल्या आणि बाहेर पाहुण्यांना पानं द्यायला गेल्या.

बाळासाहेबांनी आता खोली देऊ केली होती, पण जायचं की नाही, यावर आमच्या घरात चार दिवस भांडणं झाली. ज्या दारात माझा भाऊ उभा राहून परतला, त्या दारातून मुलीला आत पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं. निर्णय वहिनींनी केला. "ह्यांनी त्या दारात मान खाली घातली, ती वाया घालवणार का?" त्या म्हणाल्या.

मागच्या आठवड्यात मी ऋचाला पोचवून आले. वरची खोली उजेडाची आहे, खिडकीखाली टेबल टाकलं आहे. बाळासाहेब भाडं घ्यायला तयार नव्हते. वहिनींनी फोनवर बजावलं, तेव्हा घेतलं. संध्याकाळी ते जिना चढून येतात, उंबऱ्याबाहेर उभे राहतात, काही हवं का विचारतात. त्यांचं घरातलं वागणं चांगलं आहे, तेच मला जड जातं. निघताना त्यांनी मला एकीकडे घेऊन विचारलं, "नात्यानं मी तिचा मामाच लागतो की. मग ती मला काका का म्हणते?" मी तिला सांगेन, असं त्यांना वाटलं असावं. वर ऋचा पुस्तकं लावत होती. मी तिला डब्याचं सांगितलं, पैशांचं सांगितलं, रात्री दार नीट लावायचं सांगितलं… ते काही सांगितलं नाही.