उसना रवंथ

बायकोला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात ठेवून महिना होत आला होता आणि ती माझ्या डोळ्यांदेखत वाहून चालली होती. दिवसभर हगवण. घोटभर पाणी पोटात गेलं की तेही बाहेर. सुरुवात झाली ती पायापासून. वावरात तळव्याला काटा रुतला, पू झाला, आणि गावातल्या डॉक्टरांनी तिला एकामागून एक जहाल औषधं दिली. पाय बरा झाला, पोट गेलं. हगवणीच्या गोळ्या चालू असल्या की ती थांबायची, संपल्या की दुप्पट जोरात परत यायची. मी डॉक्टरांशी भांडलो, नर्सशी भांडलो, एकदा लिफ्टवाल्याशीही भांडलो. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता, पण राग कुठेतरी काढावाच लागतो.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं.

"काका, आतड्यात असंख्य बारीक जीव राहतात. अन्न पचवायला तेच मदत करतात, वाईट जंतूंना जागा देत नाहीत. पायातल्या जंतूंसोबत औषधांनी तेही मारले. आता आत एकच वाईट जात माजली आहे. रान मोकळं झालं की गाजरगवत माजतं ना, तसं."

"मंग?"

"निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, तपासायची, गाळायची आणि नळीनं काकूंच्या आतड्यात सोडायची. त्यातले चांगले जीव पुन्हा रुजले तर त्या वाचतील."

मी उठून उभा राहिलो. "मॅडम, मी ढोरं विकतो म्हणून मलेबी ढोरच समजता का?"

एवढं ओरडलो आणि खाली बसलो. कारण ही गोष्ट मला माहीत होती.

आमच्या आष्टीकडे गाईनं रवंथ सोडला की धडधाकट गाईच्या तोंडात हात घालून तिचा घास काढतात आणि गुळाच्या पाण्यात कालवून आजारी गाईला पाजतात. एकीच्या पोटातला जीव दुसरीच्या पोटात घालायचा, एवढीच ती विद्या. मी गुरांच्या बाजारात शून्यातून उभा राहिलो, हे सगळं पाहत आलो. पण लोक रवंथ सहजासहजी देत नाहीत. देणारीचं दूध ओसरतं, असं मानतात.

माझी सगळ्यात देखणी, गौळाऊ जातीची गाय त्यापायीच गेली. लग्नातला उरलेला भात पुण्य म्हणून कुणीतरी तिच्यापुढे घमेल्यांनी ओतला. भात पोटात आंबला. ढोरांचे डॉक्टर म्हणाले, आतलं सगळं मेलं आहे, दुसऱ्या जनावराचा रवंथ आणा. शेजारच्या गोठ्यात माझ्या धाकट्या भावाची गाय निवांत बसून रवंथ करत होती. त्याच्या बायकोनं दिला नाही. माझी गाय पाय खोडत मेली. तेव्हापासून त्या घरचं पाणी मी प्यायलो नव्हतो.

आता मला माणूस हवा होता, निरोगी आणि अलीकडे तसली औषधं न घेतलेला. मी स्वतः शुगरचा, त्यात दाढेसाठी नुकताच गोळ्या खाऊन बसलेला. मुलगी ओली बाळंतीण, तिलाही तीच औषधं चालू. राहिला भाऊ.

दवाखान्यातून निघालो तो थेट आष्टीला, त्याच्या अंगणात. भाऊ खर्रा चघळत बसला होता. त्याची बायको, माझी भावसून, दाराआड गेली. आमच्यात भावसून भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, येत नाही, त्याच्याशी बोलत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तिचा चेहरा मी धड पाहिलेला नाही.

मी भावाला सगळं सांगितलं.

"काय पाह्यजे मंतं?"

"तेच."

"सकाळचं?" तो इतका हसला की तोंडातला खर्रा अंगावर सांडला. "भाऊ, इतक्या वर्षांनं माह्या दारात आला, अन मांगतलं तं हे!"

मी चिडलो नाही. चिडणं परवडणारं नव्हतं. सवयीनं दुपट्टा त्याच्या हातावर टाकून बोटं धरली. गुरांचा भाव आम्ही असाच ठरवतो. "माहा जवान गोऱ्हा घेऊन जाय. नाई मनू नको."

त्यानं हात ओढून घेतला. "याचाबी सौदा करून राह्यला का? फुकट दिलं असतं भाऊ. पन मी आत्ताच खोकल्यापायी त्या लाल-काळ्या कॅप्सूला खाल्ल्या. आख्खं पाकीट."

"तवा गाय मारली," मी ओरडलो, "आता बायको मारा माही!"

दाराआडून भावसुनेचा आवाज आला, "त्याईले इचारा, बाईचं चालते का?"

"तुले काई समजते का?" भाऊ म्हणाला. "देनारीचं ओसरते, असं तूच मंतं ना?"

"ओसरलं तं ओसरलं. दूध द्याचे दिवस गेले माहे." मग पुन्हा, "अन सांगा त्याईले, तवा माही गाय गाभन होती. आजबी गाभन असती तं रवंथ नसताच देल्ला."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, सगळं ऐकत होतो. तरी भावानं शब्दन् शब्द मला पुन्हा सांगितला. ती रीत आहे.

भावसुनेनं आयुष्यात गोळी अशी खाल्लीच नव्हती. दवाखान्यात तिचं रक्त तपासलं, बाकीचंही तपासलं. डॉक्टरीणबाई नको नको ते विचारायच्या आणि ती पदर ओढून भिंतीला उत्तरं द्यायची. मी व्हरांड्यात. तपासण्यांचा निकाल यायला वेळ लागत होता. आत माझी बायको गादीवर दिसेनाशी होत चालली होती, चादरीखाली कुणी आहे की नाही हे हात लावून बघावं लागे. निकाल चांगला आला. नळीचं काम झालं. भावसून चहासुद्धा न घेता आष्टीच्या बसमध्ये बसून गेली. तिनं काही मागितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. गाईचं मी अजूनही विसरलेलो नाही.

त्यानंतरच्या एका सकाळी मला जाग आली तर ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं आणि बायको हलत नव्हती. इतक्या दिवसांत ती एवढा वेळ पडून राहिलीच नव्हती. संपलं, असं वाटून मी तिला गदागदा हलवलं.

"काऊन उठवून राह्यले? झोपू द्या ना," ती म्हणाली.

"तुले जाचं नाई का?"

तिनं पोटावर हात ठेवला आणि आतलं काहीतरी ऐकल्यासारखी पडून राहिली.

"नाई," ती म्हणाली, आणि तिला परत झोप लागली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पक्कं सांगायला अजून बरेच आठवडे जातील, हे दुखणं परतही येतं. मी पलंगाच्या दांडीला धरून बसलो. तिनं नुसती कूस बदलली तरी माझा जीव गोळा व्हायचा.