उणे सात दिवसांनी पाणी

हसणारच आहात, तर आधी चहा संपवा. उगाच ठसका लागेल. माझ्या एका उणे चिन्हापायी अख्खी गल्ली कोरडी राहिली हो, आणि तेही ताईच्या हळदीच्या दिवशी!

आमच्याकडे गारखेड्यात नळाला पाणी आठ दिवसांनी. पाळी कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून मी गल्लीसाठी अ‍ॅप केलं होतं. गल्लीच्या नंबरातून आठ दिवसांच्या फेरीतला दिवसाचा नंबर वजा करायचा, आठनं भागायचं. जी बाकी उरेल तितक्या दिवसांनी पाणी. पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेलं, मस्त चालायचं.

हळदीच्या आदल्या दिवशी मला काय अवदसा आठवली? तेच अ‍ॅप मी जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत लिहिलं!

आमच्या गल्लीचा नंबर शून्य, त्या दिवसाचा सात. म्हणजे उणे सात भागिले आठ. पायथन उण्यात आठ मिळवून म्हणायचं बाकी एक, पाणी उद्या. जावास्क्रिप्ट म्हणालं बाकी उणे सात! दोघांची बाकीची व्याख्याच वेगळी. मला माहीत होतं हो, परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं!

सगळ्यांच्या मोबाइलवर झळकलं: ‘पाणी उणे सात दिवसांनी.’

शेजारच्या काकू धावत आल्या. "उणे म्हंजी काय गं पोरी?"

"म्हणजे... उलट्या दिशेनं, काकू," मी गडबडले.

"उलटं? म्हंजी हौदातलं पाणी वापस ओढून नेणार व्हय?"

शहाण्या मुलीनं यावर हसावं की नाही? मला ते खरंच वाटलं! हौदात वीतभर पाणी, पाचोडहून पाहुणे यायचे, आणि तेवढंही गेलं तर? मी पळत जाऊन नळाचा कॉक करकचून बंद केला.

पहाटे पाणी आलं. गल्लीभरच्या बंद कॉकांना धडकलं आणि पुढच्या गल्लीत गेलं. तिथं लोकांनी अंगणं धुतली, स्कूटर धुतल्या, एकानं तर कुत्रं धुतलं!

इकडं ताई हळदीनं पिवळीधम्मक, आणि आंघोळीला तांब्याभर पाणी नाही. पाहुण्यांनी हौदाचा तळ गाठला होता.

"काकू, तुम्ही कशाला कॉक बंद केलात?" मी रडकुंडीला आले.

"अगं, तू केलास म्हणून! इंजिनिअर पोरगी पळत जाऊन बंद करती, मग आमी काय बघत बसावं?"

"पण मी तर तुम्ही म्हणालात म्हणून केला!"

मग पाटावरून ताईचा बारीक आवाज आला, "आई, माझ्या लग्नाची तारीख हिच्या अ‍ॅपवरून नाय ना काढली?"