कानबाईसाठी अडवलेला नाला

आमच्या धुळ्यातला हा नाला लळिंगच्या डोंगराकडून येतो आणि पांझरेला मिळतो. माझ्या लहानपणी बाया त्याच्या वाळूत झिरा खणून पाणी भरत, काठच्या शिंदीवर सुगरणींचे खोपे लोंबत. मग कॉलन्या झाल्या. जो तो आपलं कुंपण दोन हात पुढे सरकवत गेला. आम्हीही सरकवलं, उगाच सोवळं कशाला सांगू? नाल्यात सांडपाणी आणि डुकरं तेवढी उरली.

तरी श्रावणात आमच्या खानदेशच्या देवीच्या, कानबाईच्या विसर्जनाला पाणी हवंच. नदीपर्यंत जायचा कंटाळा, म्हणून गल्लीच्या पुढारी भाऊंनी आक्काच्या घराच्या खालच्या अंगाला वाळूची पोती रचून नाला अडवला. आक्का म्हणजे शेजारची एकटी म्हातारी. तिच्या तीन शेळ्या काठावरच्या गोठ्यात बांधलेल्या असत, आणि त्यांच्याच दुधावर तिचं पोट चाले.

रविवारी कानबाई बसली. सोमवारी, विसर्जनाच्या सकाळी डोंगरात पाऊस कोसळला आणि पोत्यांनी अडलेलं पाणी आक्काच्या अंगणात घुसलं. शेजाऱ्यांनी तिला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं. ती शेळ्यांसाठी किंचाळत होती.

मी पोती फोडायला कुदळ घेऊन धावलो. भाऊ आडवे आले. मिरवणूक निघाली आहे, देवी बुडाल्याशिवाय एक पोतं हलणार नाही, असं त्यांचं म्हणणं. माझं डोकं फिरलं. आईबहिणीवरून शिव्या घातल्या. त्यांनी काठी हाणली, माझं मनगट कडकन मोडलं. मी कपाळाने त्यांच्या तोंडावर धडक दिली, तसे दोन दात रक्तासकट बाहेर आले. आम्ही चिखलात एकमेकांचे गळे दाबत होतो आणि मागे गोठ्याची भिंत धाडकन कोसळली.

मग पाण्याने पोती आपणच उखडली. डोंगरातला पाऊस थांबला होता, सगळा लोंढा बघता बघता रस्त्याखालच्या मोरीतून निघून गेला. शेळ्या दाव्यालाच मेल्या होत्या, तोंडात गाळ भरलेला.

मिरवणूक वाजत येऊन थांबली. आक्काने विळ्याने दावं कापलं, एक शेळी पायांना धरून फरफटत आणली आणि भाऊंच्या पुढ्यात टाकली.

"भाऊ, हाईबी वाजत-गाजत लई जा."

बँड बंद पडला. डोक्यावर कानबाई घेतलेली बाई नाल्याकडे बघत उभी राहिली. तिथे देवीला बुडवायला ओंजळभर पाणी उरलं नव्हतं.