प्लॅटिनमशिवाय चालणारा कॅटॅलिस्ट

सोमवारी क्लायंट येणार होते आणि माझा कॅटॅलिस्ट रोज सुधारत होता. आमचे डायरेक्टर शिरोळे सर सारखे लॅबमध्ये येऊन स्क्रीनवरचा आलेख बघून जायचे. हडपसरच्या आयटी पार्कामागच्या आमच्या छोट्या कंपनीत एवढा आनंद फक्त एसी दुरुस्त झाला तेव्हा पाहिला होता.

पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन निघतो. कमी विजेत जास्त निघावा म्हणून इलेक्ट्रोडवर जो पदार्थ लावतात, तो कॅटॅलिस्ट. सगळ्यात चांगला प्लॅटिनमचा, पण तो सराफाकडचा माल. मी मॉलिब्डेनम आणि गंधकापासून स्वस्त पर्याय बनवत होतो. तो प्लॅटिनमच्या तोडीचा निघाला तर करार होणार, नाहीतर प्रोजेक्ट बंद.

तोडीचा निघाला. मी घरी बायकोला पेटंट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने विचारलं नव्हतं.

शुक्रवारी आमच्या सीनिअर केमिस्ट कांबळे मॅडम आलेख बघत म्हणाल्या, "वापरून वापरून सुधारणारी वस्तू मी अजून पाहिली नाही. समोरचा इलेक्ट्रोड कशाचा आहे?"

दुसरा इलेक्ट्रोड लागतोच. तो नेहमीचा होता, प्लॅटिनमच्या तारेचा.

उत्तर देता देताच माझ्या लक्षात आलं. पाण्यात मिसळलेल्या ॲसिडमध्ये ती तार कणाकणाने विरघळत होती आणि ते कण माझ्या कॅटॅलिस्टवर जाऊन बसत होते. या धोक्यावरचे पेपर नव्या मुलांना मीच वाचायला द्यायचो.

तारेच्या जागी ग्रॅफाइटची कांडी लावली, नवा नमुना घेतला. आकडे निमूटपणे खाली आले. जुन्या नमुन्याच्या तपासणीत प्लॅटिनम सापडलं.

मी जाऊन सरांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे प्लॅटिनम काढायचा पगार घेऊन तुम्ही ते परत घातलंत."

"हो सर. क्लायंटला मीच सांगतो."

सोमवारी दोन्ही आलेख शेजारी ठेवून सांगितलं. क्लायंटच्या इंजिनिअर बाईंनी दोन्ही ताडून पाहिले. मग म्हणाल्या, असे चमत्कार त्यांना बरेच जण दाखवून जातात, तार मात्र कोणी दाखवत नाही. माझा कॅटॅलिस्ट त्यांनी घेतला नाही. दुसऱ्यांचे कॅटॅलिस्ट तपासायचं काम मात्र आम्हाला दिलं.

तेव्हापासून मी लोकांचे शोध मोडीत काढतो आणि वर त्यांना चहा पाजतो. या धंद्यात निकाल फार चांगला आला, तर अभिनंदन स्वीकारण्याआधी पुन्हा मोजावं. वाईट आला तर तो बहुधा खरा असतो.