लबनेचं श्रीखंड

त्या पाडव्याला कुणाला जेवायला बोलवायची आमची ऐपत नव्हती. गल्फमध्ये बाबा ज्या कंत्राटदार कंपनीत ड्राफ्ट्समन होते तिने तीन महिने पगार दिला नव्हता आणि बाबांचं कंत्राट मे महिन्यात संपत होतं. कंत्राट संपलं की व्हिसा संपणार आणि आम्ही परत नाशिकला. माझी अकरावीची परीक्षा नुकतीच झाली होती. एप्रिलमध्ये बारावी सुरू होणार आणि महिन्याभरात मला तिथून उपटून दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या बोर्डात नेऊन लावणार, हे मला दिसत होतं. घरात त्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

दुखानच्या, म्हणजे तासाभरावरच्या तेलाच्या गावातल्या, काकांना बोलावलं ते यासाठी. ते आमचे नात्यातले कुणी नव्हते. नाशिकला बाबांच्या जुन्या कंपनीत होते, नंतर दुखानच्या तेलाच्या कंपनीत लागले आणि मोठे झाले. त्यांच्या हाताखाली ड्रॉइंग ऑफिसमध्ये एक जागा निघणार होती. बाबांनी त्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले होते, "बघतो ना. आपला माणूस आहेस तू."

"मग त्यांना सरळ सांगा की पगार अडकलाय," मी म्हणाले होते. इंग्रजीतच म्हणाले होते, कारण घरी मी इंग्रजीतच उत्तर द्यायचे.

"तुला काय कळतं त्यातलं?" बाबा म्हणाले.

आईने लसूण सोलता सोलता समजावलं, "हात पसरून गेलं की लोक जागा देत नाहीत, दया देतात. पाडव्याला बोलावू. नीट जेवू घालू. आपलं बरं चाललंय असं दिसू दे."

आपलं बरं चाललेलं नव्हतं. मुऐदरला, शहराच्या कडेला, एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो, आणि आई गेले काही आठवडे डाळीत पाणी वाढवत होती. तिने मग सगळं डोकं त्या एका जेवणावर लावलं. मसालेभातात काजूंऐवजी शेंगदाणे. कोशिंबिरीला काकडी, कारण ती स्वस्त होती. बटाट्याची भाजी, कारण बटाट्याचं अर्धं पोतं घरात होतं. कोथिंबीर वड्या, टोमॅटोचं सार, आणि नाशिकहून आणलेल्या कुरडयांपैकी शेवटच्या आठ. केशर नव्हतं म्हणून वेलची जास्त. हे सगळं ती एखादा खेळ जिंकत असल्यासारखं मला सांगत होती आणि त्याचाच मला राग येत होता.

दरवर्षी ती दही फडक्यात बांधून चक्का करायची. त्याला दूध फार लागतं. त्या आठवड्यात दुकानात लबनेचे मोठे डबे अर्ध्या किमतीत निघाले होते, तारीख संपत आली होती म्हणून. लबने म्हणजे अरबी लोक पोळीला लावून खातात ते घट्ट दही. आईने डबा तिरका करून पाहिला. "अगं, हा तर तयार चक्काच! दूध नको, टांगायला नको."

मी डब्याची मागची बाजू वाचली. लेबलं वाचायची मला सवयच होती. दूध, साय, विरजण, मीठ. मीठ तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. बाबा ट्रॉली ढकलत पुढे गेले होते, "यल्ला, चला," म्हणत होते. मला काय कळतं त्यातलं, असं मी मनात म्हणाले आणि तीन डबे ट्रॉलीत ठेवले.

मी विसरले नव्हते. लाजेने गप्प बसले असंही नाही. रागाने गप्प बसले.

पाडवा गुरुवारी होता. तेव्हा तिकडे सुट्टी गुरुवार-शुक्रवारी असायची. आईने गुढी आत, खिडकीशी उभी केली. पहाटेपासून ती ओट्यापाशी होती. लबनेत साखर घालून तिने ते गाळणीतून घोटून घोटून काढलं. नैवेद्य दाखवायच्या आधी स्वयंपाकाची चव घ्यायची नाही हा तिचा नेम; आमटीतलं मीठसुद्धा ती रंगावरून आणि वासावरून ओळखायची. मी वेलची कुटत होते. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते आणि सांगायला अख्खी सकाळ होती.

नैवेद्य दाखवला आणि तेवढ्यात पाहुणे आले. काका, काकू दोघंच. त्यांची मुलं शिकवणीसाठी घरी थांबली होती. काकूंनी खोल्यांवरून नजर फिरवली आणि "छान सुटसुटीत आहे," म्हणाल्या. बाबा प्रत्येक वाक्यावर हसत होते. माझ्या बाबांना मी त्याआधी इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

काका जेवायला लागले. भात दोनदा घेतला. स्वतःला सोडून चार जणांना दोन-दोन कुरडया असा आईचा हिशोब होता. काकांनी पाच खाल्ल्या. मग काकूंनी पुरीचा तुकडा श्रीखंडात बुडवला.

"अय्या," त्या म्हणाल्या. "हे खारट आहे?"

आई वाढता वाढता थांबली.

"अगं, खा मुकाट्याने," काका म्हणाले. "गल्फी श्रीखंड आहे ते!" आणि स्वतःच हसले. बाबाही हसले.

"लबनेचं केलंत ना वहिनी?" काकू म्हणाल्या. "आमच्या मेडनं अस्संच केलं होतं एकदा. तिला बिचारीला काय माहीत. मी तर बाई दही घरीच लावते."

आईने वाटीतलं थोडं बोटावर घेऊन जिभेला लावलं. तिचा चेहरा मी पाहिला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, कारण दुकानात डबा कुणी वाचला होता हे तिला आठवलं. "लिंबाचं लोणचं देऊ का?" तिने काकूंना विचारलं.

उरलेलं जेवण मी मान खाली घालून वाढलं. माझ्यामुळे जागा जाणार असं मला वाटत होतं. एका वाटीमुळे बाबा मेमध्ये बेकार होणार आणि त्याला कारण मी. मी जेवलेच नाही.

जेवणं झाली. काका बडीशेप चघळत दारापर्यंत आले, बूट घालायला वाकले आणि वाकलेलेच म्हणाले, "अरे हां, ती ड्रॉइंग ऑफिसची जागा. खलास झाली ती. मागच्याच आठवड्यात हिच्या भावाला घेतलं. तो इथेच होता, त्यामुळे कागदपत्रांची भानगड नव्हती. तुला फोन करणार होतो, म्हटलं पाडव्याला भेटतोच आहोत."

मागच्याच आठवड्यात. म्हणजे आम्ही दुकानात डबे उचलत होतो तेव्हा ती जागा भरलेली होती. हे माहीत असताना तो माणूस तासभर गाडी चालवत आला, त्याने आमच्या पाच कुरडया खाल्ल्या, भात मागून घेतला आणि माझ्या आईच्या श्रीखंडावर विनोद केला.

बाबा म्हणाले, "असू दे, असू दे. पुढे काही निघालं तर बघा."

"इन्शाल्ला," काका म्हणाले.

काकू चप्पल घालत होत्या. "वहिनी, पुऱ्या उरल्या असतील ना? मुलांना बांधून द्या थोड्या. आणि तो भात. श्रीखंड नको हं!"

आई आत गेली आणि खरोखर डबा भरून घेऊन आली. पुऱ्या, भात, बाजूला वड्या. तिने तो पुढे केला तेव्हा मी तो तिच्या हातातून घेतला.

"हे आम्हाला लागेल," मी म्हणाले.

"काय गं?" काकू म्हणाल्या.

"उद्या जेवायला लागेल. बाबांचा पगार डिसेंबरपासून झालेला नाही."

एवढं मराठी मी बाहेरच्या माणसांसमोर कधी बोलले नव्हते. बाबांचं हसू मात्र चेहऱ्यावर तसंच होतं, काढायचं राहून गेल्यासारखं. आई भिंतीकडे बघत होती. काका सावकाश सरळ उभे राहिले आणि त्यांचा आवाज अगदी मऊ झाला.

"अरे, बोलायचं ना रे मला," ते बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. मग त्यांनी खिशातून एक नोट काढली. "पाडव्याची ठेव, बाळा." बाबा "नको, नको" म्हणत होते. माझ्या दोन्ही हातांत डबा होता. काकांनी नोट डब्याच्या झाकणावर ठेवली, वरून दोनदा थोपटली आणि ते गेले. मी डबा खाली ठेवेपर्यंत गाडी सुरू झाली होती.

आई मला रागावली नाही. "मिठाचं सांगितलं नाहीस ते समजू शकते मी," एवढंच ती संध्याकाळी म्हणाली. "पगाराचं का सांगितलंस?"

तो डबा आम्ही दुसऱ्या दिवशी खरंच जेवलो. मेअखेरीस आम्ही नाशिकला आलो. माझं एक वर्ष गेलं.

आई अजूनही पाडव्याला त्या दोघांना फोन करते. तब्येतीची चौकशी करते, मुलांचं विचारते, "या ना एकदा नाशिकला जेवायला," म्हणते. ती मनापासून म्हणते असं मला वाटतं, आणि तेच मला सहन होत नाही. तिचं बोलणं संपेपर्यंत मी गच्चीवर जाऊन उभी राहते.