तिसऱ्या मजल्यावरच्या काकू

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं ठाऊक आहे. उरलेलं अर्धं तिनं कधी विचारलं नाही — इतक्या वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतोच. आईला बहुतेक सगळं ठाऊक होतं, पण शेवटचं तिलाही नाही, कारण ते घडलं तेव्हा ती नव्हती. तुम्हाला सांगतोय ते मन हलकं करायला नाही. मन हलकं करायचं असतं तर पर्वती चढून आलो असतो. आणि माफी मागायला तर मुळीच नाही. तुमची माफी घेऊन मी करू काय?

मी लोकांना चालवतो. तोच माझा धंदा. रविवारी सकाळी आठला मंडईपाशी दहा-बाराजण गोळा करायचे आणि दुपारपर्यंत पेठांमधून हिंडवत खायला घालायचं — इथे मिसळ, तिथे खरवस, रविवार पेठेत गरम शेव, आणि मध्ये मध्ये जुन्या गल्ल्यांच्या गोष्टी. त्याआधी अठरा वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात होतो. देशाची दारं उघडली म्हणे. आमच्या कारखान्याचं मात्र बंद झालं. चाळिशी ओलांडलेली, हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद, आणि येतं काय, तर गप्पा मारणं. तेव्हा खराडीला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यांत नागपूर-अमरावतीकडून आलेली पोरं-पोरी वर्षानुवर्षं पुण्यात राहून मंडईत एकदाही आलेली नव्हती. त्यांना 'खरं पुणं' हवं होतं. मी द्यायला लागलो.

फेरी संपायची शुक्रवार पेठेत, आमच्या सोसायटीत. पार्किंगमध्ये चटया टाकायच्या आणि प्रत्येकाला एक गुळाची पोळी, वर साजूक तूप. गुळाची पोळी संक्रांतीची असते हे मला शिकवू नका. मी बारा महिने द्यायचो. गूळ पार कडेपर्यंत पोचलेला, पण बाहेर एक थेंब नाही. ज्यांनी ही पोळी घरी लाटली आहे त्यांना कळेल मी काय म्हणतोय. आमच्या आईची दर संक्रांतीला फुटायची, गूळ तव्यावर जळायचा आणि घरभर धूर व्हायचा.

त्या पोळ्या जुबेदाआपा करायच्या. गंज पेठेत राहतात. त्यांचे यजमान रफीकभाई आणि मी कारखान्यात एकाच खात्यात होतो. संक्रांतीला त्यांच्या डब्यावर अख्खं खातं तुटून पडायचं. पोळ्या कुणाच्या घरच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. कारखाना बंद पडल्यावर रफीकभाई घरी बसले आणि आपांनी पोळपाट पुढे ओढला. त्यांचा भाऊ मार्केट यार्डात गुळाच्या गाळ्यावर, त्यामुळे गूळ निवडून यायचा. मी एकदा विचारलं होतं, "आपा, ही पोळी शिकलात कुणाकडून?"

"आईकडून," त्या म्हणाल्या. "तुमच्यात कुणाकडून शिकतात?"

तर — मुद्दा. येतोय मुद्द्यावर.

पहिल्याच फेरीत एका इंजिनिअर मुलीची आई होती, अमरावतीची. पहिला घास खाल्ला, डोळे मिटले, आणि मग मला म्हणाली, "कोणी केल्या हो या?"

एवढाच प्रश्न. उत्तर एका नावाचं. ते मी दिलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या बाईंच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू बघून मी बिचकलो. धंदा नवा होता, घर चालवायचं होतं, लोक कसे असतात ते तुम्हालाही माहीत आहे. ऐकायला बरं वाटतं, नाही? पण त्या बाई पर्समधून पेन काढून बसल्या होत्या. त्यांना कृती लिहून घ्यायची होती. पोळ्या करणारीचा धर्म त्यांनी विचारला नाही. त्या दिवशी कुणी विचारला नाही आणि पुढे कधीच कुणी विचारला नाही. तो प्रश्न मीच मनात विचारला आणि मीच त्याला उत्तर दिलं.

"आमच्या काकूंनी," मी म्हणालो. "वर राहतात. सोवळ्यात करतात."

सोवळ्यात! ते कुणी मागितलं होतं?

मला काकू नाहीत. वडील एकुलते एक. पण थाप एकदा मारली की तिला पोसावी लागते. काकूंना गुडघेदुखी आली, म्हणजे त्यांनी खाली यायला नको. वाईचं माहेर आलं. मग एक नियम आला — 'गूळ चिरायचा नाही, किसायचा. आणि किसून झाला की तुपाच्या हातानं मळायचा.' हा नियम आपांचा. मी तो काकूंच्या आवाजात म्हणून दाखवायचो, लोक हसायचे, लिहून घ्यायचे. एका रविवारी कुणीतरी विचारलं, काकूंची खिडकी कुठली? मी बोट वर केलं. तिसऱ्या मजल्यावर, आमच्या बाल्कनीत, आई कपडे वाळत घालत होती. खालून बाराजणांनी हात जोडले. आईला काही कळेना; तिनं चिमटे तोंडात धरून उलट नमस्कार केला. मला मजा आली. हेही लिहून ठेवतो — मला मजा आली.

नंतर आईनं विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जुबेदाला कळलं तर?" मी म्हटलं, तिला कसं कळणार? आपा कधी फेरीला येत नसत. पोळ्या मीच जाऊन आणायचो.

खराडीच्या एका कंपनीनं संक्रांतीला पारंपरिक दिवस ठरवला. दोनशे पोळ्या, आणि सोबत काकूंचा सत्कार — शाल, श्रीफळ, फोटो. माझ्या फेरीला येऊन गेलेल्या पोरांनी प्रेमानं ठरवलेलं. गुडघ्यांचं कारण सांगून पाहिलं. ते म्हणाले, गाडी पाठवतो, लिफ्ट आहे. तेव्हा सांगता आलं असतं. खरं तर तेव्हा सांगणं फार सोपं होतं — काकू नाहीत, आपा आहेत, त्यांना बोलवा. टाळ्या दुप्पट पडल्या असत्या. मी आईला नऊवारी नेसवली.

आई नको म्हणत होती. मीच म्हटलं, पाच मिनिटांचा प्रश्न आहे, माझी अब्रू आहे. आई मुलाच्या अब्रूसाठी स्टेजवर चढली. मला तिला घेऊन जायचं होतं, म्हणून पोळ्या रफीकभाई परस्पर रिक्षानं पोचवणार होते. सोबत आपा येतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोनशे पोळ्या थंड खाल्ल्या जाऊ नयेत म्हणून त्या आल्या होत्या. कुणा सभ्य पोरानं त्यांना पाहुण्या समजून मागच्या रांगेत खुर्ची दिली.

निवेदिकेनं आईला विचारलं, काकू, तुमच्या पोळीचं रहस्य काय? आईनं माझ्याकडे पाहिलं. मग खालमानेनं म्हणाली, "गूळ चिरायचा नाही, किसायचा." टाळ्या झाल्या. मला मागच्या रांगेत आपा दिसल्या, मांडीवर पर्स धरून नीट बसलेल्या. त्याही टाळ्या वाजवत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर त्या पुढे आल्या. एरवी त्या माझ्या आईला आई म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "काकू, पोळ्या छान झाल्यात हं तुमच्या. दोन-चार पोळ्यांत गूळ कडेला जरा कमी पोचलाय. पुढच्या वेळी लक्ष द्या." आई उभ्या जागी रडायला लागली. माझ्याकडे आपांनी पाहिलंही नाही. रिकामे डबे उचलून रफीकभाईंबरोबर निघून गेल्या.

मी मागे धावलो का? नाही. फोटो काढायचे राहिले होते.

पुढच्या शनिवारी मी नेहमीसारखा पोळ्या आणायला गेलो — हो, गेलो, एवढा मी निर्लज्ज आहे. आपा दारात आल्या. म्हणाल्या, "काकूंना सांगा करायला." दार लावलं, आपटलं नाही. रविवारची माझी फेरी म्हणजे त्यांचं सगळ्यात मोठं काम होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी दुकानातून विकतच्या पोळ्या आणल्या, जाड आणि कडेला कोऱ्या. काकूंची गोष्ट तीच ठेवली. एकालाही फरक कळला नाही, आणि खरं सांगू? त्याचा मला रागच आला.

आई एकटी रिक्षा करून गंज पेठेत जाऊन आली. शाल घेऊन गेली होती. आपांनी तिला चहा दिला, शाल घेतली नाही. म्हणाल्या, "तुमच्या हातून नको, आई." आईनं शाल आमच्या कपाटात ठेवली आणि मला म्हणाली, "तू दे." नंतर हा विषय तिनं कधी काढला नाही. ती मधूनमधून आपांकडे जायची. मला सांगून जायची, ये म्हणायची नाही.

काही महिन्यांनी फेरीला एक जोडपं आलं, दुसऱ्यांदा आलेलं. दोघांचे चेहरे पडलेले. बाई म्हणाली, काका, फार वाईट वाटलं ऐकून. गंज पेठेत एका खिडकीवर 'गुळाच्या पोळ्या मिळतील' अशी पाटी बघून ते थांबले होते. पोळी खाल्ली आणि म्हणाले, अगदी शुक्रवार पेठेतल्या काकूंसारखी! त्यावर पोळीवाल्या बाई म्हणाल्या, "त्या काकू? त्या गेल्या."

आपांनी मला वाट मोकळी करून दिली होती, की टोला दिला होता? काहीही असो, मी काय केलं ते ऐका. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "हो. वय झालं होतं." पार्किंगमध्ये सगळे उभे राहिले. दोन मिनिटं शांतता पाळली. काकूंसाठी.

त्यानंतर आईला सांगावं लागलं, रविवारी बाल्कनीत येऊ नकोस. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरोबर आहे. मेलेल्या माणसानं कपडे वाळत घालू नयेत." आणि ती पाच वर्षं, शेवटपर्यंत, रविवारी बाल्कनीत आली नाही. उन्हाळ्यातसुद्धा आत बसायची.

आणि आता ते शेवटचं.

आई गेली. दुसऱ्या दिवशी घरात पंधरा-वीस नातेवाईक. सुतकात चूल पेटवायची नाही, जेवण बाहेरून यायचं. सकाळी रफीकभाई आणि आपा आले. आपा आईच्या फोटोसमोर बसल्या, बराच वेळ, डोळे पुसत. जाताना बायकोच्या हातात दोन मोठे डबे दिले — पिठलं, भाकरी, लसणाची चटणी. माझ्याजवळ थांबून म्हणाल्या, "भाऊ, जेवून घ्या." इतक्या वर्षांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. शाल सहा पावलांवर कपाटात होती. मी मान हलवली.

आपा जिना उतरत होत्या, चपलांचा आवाज अजून येत होता. पानं मांडून पंगत बसलेलीच होती. आमच्या मामांनी पिठल्याचा घास घेतला, मान डोलावली आणि विचारलं, "वा. कोणी केलंय रे?"

तोच प्रश्न. आणि या वेळी माझ्याकडे काय होतं वाचवायला? धंदा? तो नीट चालला होता. आई? ती गेली होती. मामा तर नुसते भुकेले होते. दार उघडं होतं. मी जोरात बोललो असतो तर जिन्यात ऐकू गेलं असतं.

मी म्हणालो, "ओळखीच्या एक काकू आहेत."

चपलांचा आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि ती भाकऱ्या वाढत राहिली.

झालं. एवढंच होतं. भीती होती, सवय होती, असलं काही मी म्हणणार नाही. काकू कधीच नव्हत्या. त्या पोळ्या जुबेदाआपांच्या, ते पिठलंही त्यांचंच. शाल अजून कपाटात आहे, डांबराच्या गोळ्या घालून. माझ्या घरापासून गंज पेठ चालत पंधरा मिनिटं. दर रविवारी मी परक्या माणसांना चार तास चालवतो.